आधी सराव, शेवटी सराव

आयुष्यभर तारा गुंडाळणाऱ्या माणसाला गावाने नाव ठेवलं बिनतारी. जळालेल्या पंपाच्या मोटारी खोलायच्या, आतली काळी पडलेली तार कापून काढायची, नवी तांब्याची तार वेढे मोजत भरायची आणि वरून वार्निश पाजायचं, हा त्याचा धंदा. पण घरामागे दोन खांबांच्या मध्ये त्याने एक तार आडवी ताणली होती आणि कारखान्याच्या कोपऱ्यात एक बिनतारी यंत्र मांडलं होतं. रीतसर परवाना काढून तो त्यावरून लांबलांबच्या परक्या माणसांशी बोलायचा. यातून मिळतं काय, असं कुणी विचारलं की म्हणायचा, "काही मिळत नाही. मिळवायचंच नाही, असा नियम आहे." बायको होती तोवर ती हे ऐकून कपाळावर हात मारून घ्यायची.

नियम त्याला तोंडपाठ. एकदा बियाणांचा दुकानदार येऊन बसला. म्हणाला, "शहरातला आजचा भाव तेवढा विचार की."

"यावर धंदा चालत नाही."

"अरे, एक शब्द!"

"अर्धासुद्धा नाही."

"मग हे धूड ठेवलंय कशाला? आरती ओवाळायला?"

"वेळ आली की कळेल," बिनतारी म्हणाला आणि वेढे मोजायला लागला. वेळ काही आली नाही. गाव हसत राहिलं.

वेळ यायच्या आधी आला तो झटका. गेल्या वर्षी मोटार उचलताना तो जागच्या जागी बसला, तो उठला तेव्हा उजवा हात लाकडासारखा झाला होता आणि जीभ तोंडात नुसतीच पडून राहिली होती. डोकं शाबूत होतं, हेच वाईट. सगळं कळायचं, आणि सांगायला गेलं की घशातून घरघर निघायची. लोक मग त्याच्याशी मोठ्याने बोलायचे, जणू तो बहिरा झालाय.

कारखाना सुनेने चालवायला घेतला. मुलगा पंप बसवायची, काढायची कामं करायचा, गाव त्याला फिटर म्हणायचं. वेढे भरायचं काम सुनेचं. तिची बोटं बारीक आणि नजर पक्की. यंत्रही तिनेच सांभाळलं. म्हाताऱ्याने तिला धडधाकट असतानाच शिकवलं होतं, परीक्षा द्यायला लावली होती आणि तिच्या नावाचा परवानाही आला होता. ठिपके-रेघांची कट्टकडकट्ट मात्र तिने शिकायची टाळली. "बाबा, तोंड असताना बोटांनी कशाला बोलायचं?" म्हणायची.

दर रविवारी अकरा वाजता शहरातले मास्तर यंत्रावरून हजेरी घ्यायचे. शाळेतून निवृत्त झाले तरी हजेरीची सवय गेली नव्हती. एकेका गावाने आपलं नाव सांगायचं आणि एक खोटा संदेश द्यायचा, कुठे आग लागली, कुठे पूर आला. संकटात कामाला यावं म्हणून हा सराव. त्याचा नियम कडक होता. सरावाचा संदेश असला की पहिला शब्द सराव आणि शेवटचाही सराव, म्हणजे ऐकणाऱ्याची फसगत होत नाही.

तीन वर्षांपूर्वी नवी असताना सून तो शब्द विसरली होती. पुराचा खोटा संदेश तिने खऱ्यासारखा दिला आणि शहरातून अकरा माणसं बोट घेऊन कोरड्या नदीवर येऊन उभी राहिली. पोरं बोटीभोवती नाचली. बिनतारीला मात्र बोट पाठवणाऱ्या शहरातल्या कचेरीत बोलावणं आलं. दोन तास तो टोपी हातात धरून दाराबाहेर उभा होता. आत घेतल्यावर त्याच्या निम्म्या वयाच्या साहेबाने विचारलं, "खेळणं वाटतं का हे तुम्हाला?"

घरी आल्यावर त्याने सुनेला यंत्रासमोर उभं केलं. "म्हण, सराव."

"सराव."

"शंभर वेळा म्हण."

ती म्हणाली. चाळिसाव्याला तिचा आवाज फाटला, तरी त्याने थांबवलं नाही. मग लाल वार्निशचा डबा घेऊन यंत्रावरच्या भिंतीवर त्याने हातभर अक्षरांत लिहिलं, 'आधी सराव, शेवटी सराव'. त्यानंतर ती कधी चुकली नाही.

या वर्षी पावसाने आठ दिवस धरून ठेवलं होतं. कारखान्यात भिजलेल्या मोटारींची रांग लागली होती, वार्निश वाळत नव्हतं, सून कोळशाची शेगडी मोटारीच्या पोटाखाली सरकवून ऊब देत बसायची. शनिवारी संध्याकाळी वीज गेली, तिच्या मागोमाग फोनही मेले. रविवारी सकाळी सातला फिटर निघाला. नदीत बांधलेल्या पंपाच्या विहिरीवर, जॅकवेलवर, गावाच्या पाण्याची मोठी मोटार होती. ती बुडाली तर महिनाभर नळाला पाणी नाही. पाच मजूर आणि जॅकवेलचा राखणदार मिळून साखळी-कप्पीने ती वर ओढायची होती.

"दुपारी जेवायला येतो," फिटर दारातून म्हणाला.

"आधी मोटार आणा," सून म्हणाली. "आणि तिथे जायच्या त्या लोखंडी साकवावरून सांभाळून. गंजलाय नुसता."

"राखणदार रोज चार वेळा जातो-येतो त्यावरून."

"त्याचं वजन काय, तुमचं काय!"

तो हसत गेला. म्हातारा खाटेवरून बघत होता.

साडेअकराच्या सुमाराला राखणदाराची बायको धावत आली. गुडघ्यापर्यंत चिखल, पदर गळ्याभोवती गुंडाळलेला. दारात आली आणि खांबाला धरून उभी राहिली.

"साकव गेला," ती म्हणाली. "वरचा बांध फुटला म्हणतात. एकदम लोंढा आला. सगळे वरच आहेत, सातच्या सात. छपरावर चढलेत."

"गावाबाहेर जायचा मोरीवरचा रस्ता?"

"मोरी कुठली! नुसतं पाणी आहे तिथे. तू तुझं ते यंत्र लाव बाई."

सुनेच्या हातातली तार खाली पडली. ती भीतीने खाली बसली असती तरी कुणी दोष दिला नसता. पण ती बसली नाही. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी तिने ओढत आणून यंत्राला जोडली, कानांवर हेडफोन चढवले आणि कागद पुढे घेतला. शिकवल्याप्रमाणे आधी ऐकलं. शहरात ऊन पडलेलं होतं आणि मास्तरांचा रविवारचा सराव सुरू होता. कुठलंसं गाव गोदामाची खोटी आग सांगत होतं. ते संपेपर्यंत ती थांबली. दुसरा बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, हे तिच्या अंगात भिनलं होतं. तेवढ्या वेळात तिने संदेश लिहून काढला. आपली पाळी येताच बटण दाबलं आणि लिहिलेलं स्पष्ट, सावकाश वाचलं.

"सराव. जॅकवेलच्या छपरावर सात माणसं अडकली आहेत. साकव वाहून गेला. पाणी चढत आहे. बोट पाठवा. सराव."

खाटेवर म्हाताऱ्याने पहिला शब्द ऐकला तेव्हा त्याला वाटलं, आपल्या कानाची चूक. शेवटचा ऐकल्यावर शंका उरली नाही. डाव्या हाताने त्याने उशाजवळचा पत्र्याचा थाळा उचलून खाटेच्या लोखंडावर बडवला. सुनेने पाठमोऱ्यानेच तळवा वर केला. "बाबा, थांबा! ऐकू द्या!"

मास्तर तिच्या कानात बोलत होते. म्हाताऱ्याला काही ऐकू येत नव्हतं, तिच्या मानेचं हलणं तेवढं दिसत होतं. तो घरघरत राहिला, थाळा बडवत राहिला. तिने हेडफोन काढले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव होता.

"मिळाला त्यांना," ती राखणदाराच्या बायकोला म्हणाली. "सात माणसं, बोट, सगळं परत वाचून दाखवलं त्यांनी. तुम्ही जा काठावर. त्यांना ओरडून सांगा, बोट येतेय."

ती बाई आली तशी धावत गेली.

म्हातारा अजून बडवतच होता. सून उठली, खाटेखालचं लघवीचं भांडं काढलं आणि त्याच्यावरची चादर बाजूला करायला लागली. "झालं, बाबा, झालं. विसरलेच मी तुम्हाला." ती नेहमीसारखी हळुवार होती. त्याला रडू फुटलं. त्याने डाव्या हाताने भांडं असं भिरकावलं की ते मोटारींवर जाऊन आपटलं. ती दचकून मागे सरली. मग त्याने बोट लांब करून टेबलावरचा कागद दाखवला, नंतर भिंत दाखवली, पुन्हा कागद.

तिने कागद उचलला. आपलंच अक्षर तिने वाचलं. आणि मग तिने भिंतीकडे पाहिलं.

"छान म्हणाले ते मला," ती पुटपुटली. "सराव छान झाला म्हणाले."

तिने परत बटण दाबलं. "मास्तर, सराव नाही! शब्द मागे घेते. खरं आहे, सराव नाही!" पण मास्तरांनी सगळ्यांना शाबासकी देऊन पाच मिनिटांपूर्वी हजेरी बंद केली होती. आता ते जेवायला बसले असतील, पुढच्या रविवारपर्यंत यंत्रावर कापड. ती हाका मारत राहिली, आणि बोललं की यंत्रातला दिवा मिणमिणायचा. म्हातारी बॅटरी तिचा आवाज पेलत नव्हती. चौथ्या हाकेला दिवा विझल्यासारखा झाला तेव्हा ती जमिनीवर बसली आणि भिंतीवर डोकं आपटून घ्यायला लागली.

म्हाताऱ्याने स्वतःला खाटेवरून खाली टाकलं. पडल्याच्या आवाजाने ती भानावर आली. तो डाव्या कोपरावर सरपटत टेबलाकडे निघाला होता, उजवा पाय मागे पोत्यासारखा घासत होता. तिने काखेत हात घालून त्याला खुर्चीत बसवलं. त्याने फळीवरच्या डब्याकडे बोट केलं. डब्यात फडक्यात गुंडाळलेली पितळी कळ होती, ठिपके-रेघांची. ठिपक्यांना वीज थोडी लागते आणि आवाज मरतो तिथेही ते पोचतात, हे ती परीक्षेपुरतं शिकली होती. तिने तारा जोडल्या. सगळे जिच्याकडे कान ठेवतात ती संकटाची हाक त्याने द्यायला घेतली. उजव्या हाताने चाळीस वर्षं मारलेली कळ डाव्या हातात परकी झाली होती. ठिपका मारायला जावं तर रेघ व्हायची. चुकलं की तो घशात घरघरायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मारायचा.

अर्ध्या तासाने यंत्रातून कुणीतरी टिपटिपलं. फार लांबचा, कधी न भेटलेला माणूस. ऐकणाऱ्याने संकटाची हाक सोडून जायचं नाही, हा जगभरचा नियम, आणि तो पाळणारा एकजण रविवारी दुपारी कुठेतरी कान लावून बसला होता. म्हाताऱ्याने कळ सोडून पेन्सिल धरली. एकच हात, मारायलाही तोच, लिहायलाही तोच. सून त्याच्या खांद्यावरून एकेक अक्षर वाचत होती. परक्याचा पहिला प्रश्न कागदावर उमटला.

सराव आहे का?

म्हाताऱ्याने पेन्सिल टाकली आणि कळ धरली. नाही. नाही. खरं आहे. सात माणसं. त्याच्या बोटाचं कातडं सोललं, पितळेवर लाल डाग पडले. निरोप जिथे द्यायचा त्या मास्तरांच्या शहराचं आणि कचेरीचं नाव पलीकडच्याने परत मारून पक्कं केलं. पाऊण तासाने पुन्हा टिपटिप आली. बोट निघाली. एक वाजून पस्तीस मिनिटं. यंत्रावरचा प्रत्येक संदेश उतरवायच्या वहीत सुनेने वेळ टाकली, तिच्या वर अकरा चाळीसचा संदेशही जसाच्या तसा लिहिला. बॅटरी तिथेच बसली.

बोट पोचली ती चार वाजता. सहाजणांना घेऊन आली.

फिटर अंधार पडायच्या आत घरी आला. सुनेने त्याला दारात धरलं आणि दोघं तसेच उभे राहिले. बोलायला लागला तेव्हा त्याचे दात वाजत होते. "कप्पीच्या साखळीला धरून उभे होतो. राखणदार कडेला होता. आम्हाला म्हणाला, मला पाण्याची सवय आहे, तुम्ही आत व्हा. पावणेतीनला ओंडका येऊन आदळला. त्याचा सदरा माझ्या हातात राहिला, बाबा. नुसता सदरा."

म्हाताऱ्याने डोळे मिटून हिशेब केला. पहिला संदेश अकरा चाळीसचा. लगेच निघाली असती तर बोट सव्वादोनला पोचली असती. हा हिशेब कुणी करू नये असं त्याला वाटलं. डोळे उघडले तर सून त्याच्याकडेच बघत होती. तिचा करून झाला होता.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि कचेरीची गाडी आली. तोच साहेब, आता जरा पिकलेला. बरोबर मास्तर. साहेबाने म्हाताऱ्याचा सोललेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "सहा जीव वाचवलेत. बॅटरी नाही, वाचा नाही, आणि तरी! तुम्हाला प्रशस्तिपत्र देणार आम्ही." अकरा चाळीसचं त्याने काही विचारलं नाही, त्याला ठाऊकच नव्हतं. मास्तर मात्र चहाला शिवले नाहीत. साहेब बाहेर तार बघायला गेला तसे ते खाटेशी वाकले.

"मी लिहून घेतलं आणि फाईलला लावलं," ते कुजबुजले. "माझ्या हाताने. एवढं पाणी सांगतेय तरी मला विचारावंसं वाटलं नाही. माझा कागद मी जाळलाय. तुमच्या वहीतलं तेवढं एक पान... पोरीचं आयुष्य आहे हो पुढे." त्यांच्या चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या होत्या.

वहीतलं पान फाडायचं नाही, खोडायचं नाही, हा नियम या घरात म्हाताऱ्यानेच आणला होता. दुसऱ्या दिवशी सून पाण्याला गेल्याचं बघून त्याने वही मांडीवर ओढली. पान दातांत धरलं आणि डाव्या हाताने वही ओढायला लागला. शिवण पक्की होती. अर्धी वीत फाटलं असेल, तेवढ्यात दारात घागर ठेवल्याचा आवाज झाला.

सून आत आली. तिने वही काढून घेतली, पान तळव्याने सपाट केलं आणि फाटलेल्या जागी मोटारीची कापडी पट्टी वार्निशने चिकटवली. "तुम्ही शिकवलं तेवढंच मला येतं, बाबा," ती म्हणाली.

दहा दिवसांनी राखणदाराची बायको आली. तिच्या मागे दारात चपला नव्हत्या, अनवाणीच आली होती. खाली बसली. सुनेने पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही.

"मी काठावर उभी होते," ती म्हणाली. "त्यांना ओरडून सांगत होते, बोट निघाली, बोट येतेय. तूच सांगितलंस ना सांगायला? तीन तास ओरडले. घसा बसला माझा. ते हात हलवत होते तिकडून, कळलं म्हणून. मग एवढा वेळ कुठे गेली ती बोट? साहेबाला विचारलं, तो म्हणतो निरोप मिळाल्याबरोबर निघाली. तू तर माझ्यासमोर निरोप दिलास. लोक म्हणतात, तुमच्या वहीत सगळं असतं. मला वाचता येत नाही. वाचून दाखव."

सून वही आणायला उठली. म्हातारा खाटेवर डाव्या कोपरावर उठला. एक शब्द. मागचा-पुढचा एक शब्द गाळला तर संदेश किती चांगला होता, किती स्वच्छ. या बाईला कळणार नाही, कुणालाच कळणार नाही, शहराच्या माथी खापर फुटेल आणि शहराला त्याचं काही वाटणार नाही. लिहिलंय तसं वाचायचं, एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही, असं हजार वेळा बजावणारा तो, आज जीभ असती तर ओरडून म्हणाला असता, गाळ तो शब्द, पोरी, गाळ. त्याने घशातून जोर लावला. "न... न..."

"हो, बाबा," सून त्याच्याकडे न बघता म्हणाली.

ती त्या बाईसमोर मांडी घालून बसली. पट्टी लावलेलं पान उघडलं. बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं आणि रविवारी वाचायची तसं स्पष्ट, सावकाश वाचलं.

"वेळ अकरा चाळीस. सराव. जॅकवेलच्या छपरावर सात माणसं अडकली आहेत. साकव वाहून गेला. पाणी चढत आहे. बोट पाठवा. सराव."

बाई ऐकत होती. तिचे ओठ हलत होते, जणू ती प्रत्येक शब्द आपल्याशी लावून बघत होती. मग तिची नजर यंत्रावरच्या भिंतीवर गेली, लाल अक्षरांवर. ती तिला वाचता येत नव्हती.

"बाकी सगळं कळलं," ती म्हणाली. "पण सराव म्हणजे काय गं?"

सुनेने वही मिटली. "सांगते," ती म्हणाली.